सावलीची चतुःसीमा

सोलापुरात मी घरं विकली, गाळे विकले, बंद पडलेली पिठाची गिरणी विकली. एक मंगल कार्यालय तर आत लग्न चालू असताना विकलं. पुढं अक्षता पडत होत्या आणि मागच्या कोठीघरात आम्ही इसारपावतीवर सह्या घेत होतो. नवऱ्यामुलाच्या मामांना वाटलं, मानपानाचं काहीतरी चाललंय आणि आपल्याला डावललंय. त्यांनी रागानं येऊन साक्षीदाराच्या जागी सही ठोकली. एवढं सगळं केलं, पण धंद्यात मला ओळखतात ते 'सावलीवाल्या बाई' म्हणून. बिल्डर लोक पाठीमागं हसतात. हसू देत बापडे.

संपादकांनी व्यवसायातले अनुभव मागितले तेव्हा मी विचारलं, खरे लिहू का छापण्यासारखे? ते म्हणाले, दोन्ही जमलं तर बघा. तर बघते.

हल्ली मी व्यवहार कमी करते आणि शिकवते जास्त. पूर्वी जागेचा एजंट व्हायला एक मोटारसायकल आणि 'मालक आपल्या घरातलेच आहेत' असं बेधडक म्हणायची हिंमत पुरायची. मग नियम आला. प्रशिक्षण घ्या, परीक्षा द्या, पास व्हा, मगच नोंदणी. गावातले एजंट हादरले. शाळा सुटल्यावर परत बाकावर बसणार नाही अशी शपथ घेतलेले गडी वह्या घेऊन माझ्या रविवारच्या वर्गात आले. एका बॅचला सासरे आणि जावई एकाच बाकावर होते. सासरे जावयाचं बघून लिहायचे, आणि उत्तर चुकलं की भर वर्गात म्हणायचे, "तरी मी आमच्या हिला सांगत होतो, हे स्थळ नको."

पहिल्या दिवशी मी तीन शब्द शिकवते. मालकी, ताबा आणि वहिवाट. मालकी म्हणजे कागद कुणाचा. ताबा म्हणजे कुलूप कुणाचं. या दोन गोष्टी वेगवेगळ्या माणसांकडं असू शकतात, आणि तसं असलं की आमचं आणि वकिलांचं पोट चालतं. वहिवाट जरा अवघड. शेजाऱ्याच्या जागेतून तुम्ही उघडपणे, हक्कानं, कुणाला न विचारता वीस वर्षं ये-जा केलीत, तर ती वाट वापरायचा तुमचा हक्क होतो. पण 'जाऊ का हो?' असं विचारून गेलात, तर आयुष्यभर गेलात तरी हक्क होत नाही. ती नुसती परवानगी. देणाऱ्यानं उद्या नाही म्हटलं की संपली.

"म्हणजे मॅडम," सासरे म्हणाले, "जो विचारत नाही त्याला हक्क, आणि जो विचारतो त्याला ठेंगा?"

"बरोबर. लिहून घ्या."

ही वहिवाट रस्त्याची असते, पाण्याची असते, हवेची असते, उजेडाचीही असते. इतकी वर्षं खिडकीतून येणारा उजेड शेजाऱ्याला भिंत घालून अडवता येत नाही. सावलीचं मात्र त्या यादीत नाव नाही. कायदा इंग्रजांच्या काळातला. तिकडच्या साहेबाला ऊन मिळालं की तो खुर्ची अंगणात टाकून बसणार. त्याला मे महिन्यात एकदा दुपारी सोलापुरात आणून पत्र्याच्या घरात बसवायला हवं होतं, म्हणजे पहिलं कलम सावलीचं आलं असतं. वर्गात मी एवढं बोलते आणि मग बिरूतात्यांची गोष्ट सांगते.

बिरूतात्या मूळचे सांगोल्याकडचे मेंढपाळ. तरुणपणी मेंढरं घेऊन शहराच्या कडेला आले तेव्हा तिथं सगळा माळ होता. त्यांनी एकमेकांना लागून दोन प्लॉट घेतले. पूर्वेच्या प्लॉटवर दगडमातीच्या भिंतींचं, पत्र्याचं घर बांधलं आणि पश्चिमेच्या प्लॉटवर मेंढरं बसवली. पुढं शहर सरकत सरकत तिथवर आलं, हद्दवाढ झाली, माळ संपला. मेंढरं सांगोल्याला चुलतभावाकडं गेली आणि तात्यांकडं थोड्या शेळ्या उरल्या. एक दिवस ते माझ्या ऑफिसात येऊन खुर्चीवर न बसता दारातच उकिडवे बसले.

"बाई, रिकामी जागा इकायची हाय. दोन लेकी हायत. आमच्या डोळ्यांदेखत त्यांच्या हातात काय तरी पडू द्या. आमी मेल्यावर त्यांनी ऑफिसाचं उंबरं झिजवायचं, त्ये नको."

"कागद स्वच्छ आहेत का?"

"लखलखीत. पर येक हाय. जागा इकायची, सावली इकायची न्हाय."

मी म्हटलं, झालं! आज सकाळी कुणाचं तोंड बघितलं होतं! पण दुसऱ्या दिवशी जागेवर गेले आणि मला कळलं. पश्चिमेच्या प्लॉटवर, तात्यांच्या घराला लागून, एक मोठा कडुलिंब होता. दुपार कलली की त्याची सावली तात्यांच्या पत्र्यावर यायची ती दिवस मावळेपर्यंत. आणि त्या पत्र्याखाली खाटेवर आनसाबाई होत्या, तात्यांच्या बायको. खुब्याचं हाड मोडल्यापासून त्यांना स्वतःहून उठता येत नव्हतं. आदल्या उन्हाळ्यात मेंढरं सोडायला तात्या सांगोल्याला गेले तेव्हा त्यांना भाच्याकडं ठेवलं होतं. तिथल्या उघड्या पत्र्याखाली त्यांना ऊन लागलं आणि शुद्ध गेली. डॉक्टरनं तात्यांना बाजूला घेऊन सांगितलं होतं, परत असं झालं तर आमच्या हातात काही राहणार नाही.

"स्लॅब टाका की तात्या."

"ह्या भिती सलाब पेलत्याल व्हय?"

"मग कूलर?"

"हाय की. लाईट गेली की निस्तं खोकं."

खाटेवरून आनसाबाई म्हणाल्या, "लिंब हाय तवर मी हाय, बाई. लिंब तोडणाऱ्याला इकायची आसंल तर आदी मला पोचवा आन मग इका."

झालं. आता मला गिऱ्हाईक असं हवं होतं, जे जागा घेईल आणि जागेतलं झाड दुसऱ्यासाठी राखेल. जागा विकली की विकली, घेणाऱ्यावर अटी घालता येत नाहीत, हा साधारण नियम. पण त्यात एक फट आहे. विकणाऱ्यानं शेजारची जागा स्वतःकडं ठेवली असेल आणि अट त्या जागेच्या सोयीसाठी असेल, तर घालता येते. मी खूश झाले. गिऱ्हाइकं झाली नाहीत. एकानं विचारलं, सावलीवर कर्ज मिळतं का. एक ज्योतिषाला विचारून सांगतो म्हणाला, त्याचं उत्तर अजून यायचंय.

मग नरसय्याअण्णा आले. त्यांचा टॉवेलचा छोटा कारखाना, घरात तेलुगू, बाहेर मराठी, आणि चिडले की दोन्ही एकदम. जागा त्यांना लई आवडली. पण त्यांच्या बायकोच्या, पद्माक्कांच्या, वास्तुवाल्यानं सांगितलं होतं की पूर्वेला मोठं झाड असेल तर घरात लक्ष्मी टिकत नाही.

"काय ओ अक्का," अण्णा मला म्हणाले, "सावलीच पाहिजे ना म्हाताऱ्याला? मी दोन मजली घर बांधतो. माझ्या भिंतीची सावली झाडाच्या दुप्पट पडते. घ्या म्हणावं, फुकट!"

तात्या म्हणाले, "भितीची सावली ऊन आसती."

"सावली ऊन कशी असेल?"

"बसून बगा की मग."

आणि मग जे झालं ते माझ्या आख्ख्या धंद्यात झालं नव्हतं. मे महिन्याच्या भर दुपारी सावलीची परीक्षा ठरली. पलीकडं एक दुमजली घर होतं, त्याच्या भिंतीच्या सावलीत आधी बसायचं, मग लिंबाच्या, आणि मग बोलायचं. मी, अण्णा, पद्माक्का, तात्या, आणि अण्णांचे वकील, जे कोर्टातून तसेच काळ्या कोटात आले होते. भिंतीला पाठ टेकली आणि वकीलसाहेब किंचाळलेच. भिंत सकाळपासून शेकली होती. तरी अण्णा हट्टानं बसून राहिले. घाम टिपायला आणलेला टॉवेल त्यांनी पिळला आणि म्हणाले, "गार आहे. चांगलं गार आहे."

तेवढ्यात तात्यांच्या शेळ्या आल्या. भिंतीच्या सावलीपाशी आल्या, थांबल्या, आम्हा सगळ्यांकडं बघितलं, आणि सरळ लिंबाखाली जाऊन बसल्या.

"निकाल लागला," तात्या म्हणाले.

"ऑब्जेक्शन!" वकील म्हणाले. "शेळ्या विकणाऱ्याच्या आहेत. त्यांची साक्ष धरता येत नाही."

यावर तात्या आणि वकील यांच्यात शेळी पक्षपाती असते का नसते यावर जोरदार वाद झाला. तो चालू असताना पद्माक्का उठून लिंबाखाली गेल्या, पदर डोक्याखाली घेतला आणि शेळ्यांशेजारी आडव्या झाल्या. बघता बघता घोरायला लागल्या. दिवस कलल्यावर जाग आली, तोंड पुसलं आणि नवऱ्याला म्हणाल्या, "कारखाना निघाल्यापासून दुपारची झोप माहीत नाही मला. झाड राहू दे. वास्तुवाल्याला मी बघते."

मसुदा करताना अण्णांनी शंका काढली. "झाड तोडायला महापालिकेची परवानगी लागतेच की अक्का. मग परत लिहायचं कशाला?"

"परवानगी लागते म्हणूनच आपल्या गावात झाडं आपली आपण वाळतात, अण्णा. बुंध्यात काय ओततात ते मलाही माहीत आहे आणि तुम्हालाही."

अण्णा जमिनीकडं बघायला लागले. मी लिहिलं, 'सदर कडुनिंबाचे झाड तोडणार नाही, छाटणार नाही, वाळवणार नाही.' पण तात्या ऐकेनात. झाड नको, सावली लिहा म्हणाले. नोंदणी कार्यालयाबाहेर आमचा टायपिस्ट बसतो, त्याला सवयच. जागेचं वर्णन आलं की त्याची बोटं आपोआप चतुःसीमेकडं वळतात, म्हणजे पूर्वेस काय, पश्चिमेस काय, उत्तरेस, दक्षिणेस. त्यानं विचारलं, "सावलीच्या पूर्वेस काय?"

"आमचं न्हाणीघर," तात्या म्हणाले.

"कायम?"

"न्हाय. तीनला. चारला तिकडं रस्त्यावर जाती."

"मग कुठल्या वाजताची टाकू?"

मागं रांगेत उभी असलेली माणसं पुढं सरकली. कुणी म्हणालं, दुपारी तीनची टाका. कुणी म्हणालं, हिवाळ्यात तीनची वेगळी असते. एका सद्गृहस्थानं मोजणी अर्ज करा, सरकारी मोजणीदार येऊन सावलीचे दगड रोवून जाईल असं सुचवलं. शेवटी मी ओरडले, "सावली ही झाडाबरोबर येते! झाड लिहिलंय, पुरे!" तेव्हा कुठं छपाई झाली.

आत दुय्यम निबंधकांनी मसुदा वाचला, चष्मा काढला, परत घातला. संगणकावर मिळकतीचा प्रकार निवडायचा होता. शेती, बिगरशेती, सदनिका, दुकान. ते बिचारे खाली खाली जात राहिले आणि म्हणाले, "मॅडम, यात सावली नाही." मी म्हटलं, साहेब, बिगरशेती निवडा, सावली आत बसते. मग त्यांनी नियमाप्रमाणं तात्यांना विचारलं, "राजीखुशीनं विकताय ना?"

"सावली सोडून राजीखुशीनं," तात्या म्हणाले आणि अंगठा दिला.

अण्णांचं घर झालं, झाडासाठी जागा सोडून पार पश्चिमेच्या कडेला, आणि वास्तुशांत झाली. झाडाचा पाला टाकीत जायचा, कावळे पोर्चमधल्या गाडीवर घाण करायचे, अण्णा मला फोन करून दोन भाषांत शिव्या घालायचे. पण झाडाला बोट लावलं नाही. दुपारी पद्माक्का जेवून तात्यांच्या अंगणात जायच्या, आनसाबाईंची खाट दाराशी ओढायच्या आणि दोघी एकीकडं मराठी, एकीकडं तेलुगू असं बोलत बसायच्या. कुणाला किती कळत होतं देव जाणे.

आणि मग एका मे महिन्यात वळवाच्या वाऱ्यानं तो लिंब बुंध्यातून मोडून अण्णांच्या पोर्चवर आडवा केला.

माणसाला लागलं नाही. रविवार होता, माझा वर्ग चालू होता, आणि दोघंही तरातरा वर्गातच आले.

"अक्का, पोर्च गेला! झाड ठेवायला कुणी लावलं? ह्यांनी! मग झाड यांचंच. भरपाई द्या म्हणावं!"

"झाड कुणाच्या जागंत व्हतं? ह्यांच्या! मग झाड ह्यांचंच की. माजी सावली पाडली ह्यांनी, त्येची भरपाई?"

इतकी वर्षं ज्या झाडावर दोघांचा हक्क होता ते एका वाऱ्यात कुणाचंच राहिलं नाही. विद्यार्थी भराभरा लिहून घेत होते. मी सांगितलं, झाड जमिनीच्या मालकाचं, म्हणजे अण्णांचं. पण वाऱ्यानं पडलं, अण्णांनी पाडलं नाही, म्हणून तात्यांनाही भरपाई नाही. अट झाडाची होती. झाड नाही, अट नाही. सासऱ्यांनी हात वर केला, "मॅडम, हे परीक्षेला येणार का?"

"येणार नाही!" मी म्हटलं, आणि वर्ग सोडून त्या दोघांबरोबर निघाले.

घरात पाय टाकला आणि तोंडावर झळ आली. पत्रा उघडा पडला होता, अण्णांच्या भिंतीची सावली तिथवर पोचत नव्हती. तात्यांनी आनसाबाईंच्या अंगावर ओलं लुगडं टाकलं होतं, ते सुकत चाललं होतं. लाईट नव्हती. आनसाबाईंनी डोळे उघडून माझ्याकडं बघितलं.

"आता कुटल्या कागदानं सावली पाडता, बाई?"

नोंदणी झालेला, शिक्का बसलेला, बिनचूक कागद होता माझा. मी बाहेर आले आणि रडले. आणि चिडलेही, स्वतःच्या धंद्यावर, कायद्यावर, त्या मेल्या वाऱ्यावर. तात्या त्यांना कुठंतरी हलवायचं म्हणत होते, पण कुठं? लेकींची घरंही पत्र्याचीच. अण्णा माझ्या शेजारी उभे होते. म्हणाले, "आमच्या घरात आणा म्हटलं मी. वहिनी नको म्हणतात." आतून आवाज आला, "उपकार नको! हक्काचं आसंल त्ये द्या."

पद्माक्का हे सगळं ऐकत होत्या. तशाच कारखान्यात निघून गेल्या.

दुसऱ्या दिवशी दहाच्या सुमाराला त्या आल्या, मागं कारखान्याचे कामगार, डोक्यावर भिजलेल्या टॉवेलचे गठ्ठे. सगळा सेकंड माल, कुठं धागा सुटलेला, कुठं नक्षी उलटी विणलेली. पद्माक्का दारात उभ्या राहिल्या. आत आल्या नाहीत.

"आनसाबाई, एक अडचण आहे. माल धुतला, वाळत घालायला जागा नाही. तुमच्या पत्र्यावर घालू का?"

त्यांच्या मागं त्यांच्या स्वतःच्या दुमजली घराची गच्ची होती, मोकळी, लख्ख, क्रिकेट खेळता येईल एवढी. आम्हा सगळ्यांना दिसत होती. आनसाबाईंना खाटेवरूनही दारातून तिचा कठडा दिसत होता. त्या बराच वेळ त्या कठड्याकडं बघत राहिल्या.

"कवर लागंल वाळाया?"

"जाडा माल आहे. पावसापर्यंत तर वाळणार नाही."

"मदनं मदनं भिजवावा लागंल?"

"लागतो की. एकदम वाळला तर आक्रसतो."

"घाल मग," आनसाबाई म्हणाल्या. "पर आजच्या दिस. उद्या परत इचारायचं. घर माजं हाय."

पत्रा झाकला गेला, वर बादल्या ओतल्या, आणि घरातली झळ खरंच उतरली. रंग कच्चा होता. दुपारपर्यंत तात्यांची पांढरी शेळी गुलाबी झाली आणि वस्तीतली पोरं तिला बघायला रांग लावून आली. तात्या अण्णांवर ओरडले, शेळीची भरपाई द्या म्हणून. अण्णांनी सांगितलं, तुमच्याच पत्र्यावरून गळालंय.

लिंबाच्या बुंध्याला पुढं पालवी फुटली. 'वाळवणार नाही' असं खरेदीखतात लिहिलंय म्हणून तात्या अण्णांना रोज बुंध्याला पाणी घालायला लावतात, आणि अण्णा तोंडानं मला शिव्या देत पाणी घालतात. सध्या त्या सावलीत एक करडू मावतं, तेही पाय दुमडून.

गेल्या मे महिन्यात मी सहज तिकडं गेले होते. दहा वाजायच्या आत पद्माक्का दाराशी येऊन उभ्या राहिल्या. मागं अंगणात कामगार ओले गठ्ठे घेऊन थांबलेले.

"वाळत घालू का?"

आनसाबाईंनी वर पत्र्याकडं बघितलं, मग त्यांच्याकडं. जरा विचार केल्यासारखं केलं.

"घाल," म्हणाल्या. "आजच्या दिस."